संत लुचियाच्या पायाशी

"मेल्या, ही एवढी मोठी कोण?"

तेस्साआत्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असणार. समोरच्या फळीवर बाच्चोने कोळशाने दोन बायका काढल्या होत्या, तोंडं अजून कोरीच. उभी होती ती संत लुचिया, गुडघे टेकून बसलेली आमची आत्या. बसलेली असूनही आत्याचं डोकं लुचियाच्या कमरेला लागत होतं. उठली असती तर दोघी खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या असत्या!

"तूच की, मावशी," बाच्चो म्हणाला. तो नुकताच फ्लोरेन्सहून चित्रं काढायला शिकून आला होता आणि कुणालाच भीत नव्हता. मला तो फार आवडायचा. म्हणजे त्याचं काम.

आमच्या प्रातोतल्या कुठल्याही चर्चमध्ये बघा, संत भिंतीएवढे आणि चित्र वाहणारा भक्त त्यांच्या पायाशी उंदराएवढा. ज्याची जशी योग्यता, तशी उंची. आत्यालाही आपला उंदीरच हवा होता.

आत्या रंगारीण. मागच्या वर्षी उकळत्या हंड्यांच्या वाफेने तिचे डोळे असे सुजले की लोकर निळी झाली की काळी, हे मी सांगायचे. डोळ्यांची काळजी लुचियाकडे, म्हणून आत्या तिला नवस बोलली. आणि खरंच दिसायला लागलं! हे चित्र त्या नवसाचं.

"माणूस माणसाएवढाच काढायचा. फ्लोरेन्समध्ये आता असंच काढतात," बाच्चो म्हणाला.

"फ्लोरेन्सवाले काय, आभाळाला शिडी लावतील! अरे, ती रागावली तर? दिलेले डोळे परत घेईल ना!"

आत्या थट्टा करत नव्हती. बाच्चोने कोळसा पुसायला फडकं उचललं.

मी नन्सकडे वाचायला शिकते, त्यामुळे शंका आली की विचारल्याशिवाय मला राहवत नाही.

"आत्या, तू नवस बोललीस तेव्हा लुचिया किती लांब होती गं?"

आत्याने तळहात नाकासमोर धरला. "एवढ्यावर. तिचा श्वास गालाला लागत होता."

"मग इतक्या जवळून तिला तू उंदराएवढी दिसलीस?"

बाच्चो हसला. आत्या हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, मग लुचियाकडे.

"राहू दे तसंच," ती बाच्चोला म्हणाली. "पण डोळे गेले ना, तर रोज तुझ्या घरी जेवायला येऊन बसेन, सांगून ठेवते."

लुचियाच्या सणाला चित्र वेदीवर चढलं. प्रार्थना संपली, लोक उठले, तरी आत्याची मान खालीच. मी कोपराने ढोसलं तेव्हा कुठे तिने वर पाहिलं. लुचियाकडे नाही, गुडघे टेकलेल्या त्या बाईकडे. पाहतच राहिली. आमच्या घरात आरसा नाही. आत्याला आपलं तोंड ठाऊक होतं ते हंड्यातल्या हलत्या, काळ्या पाण्यातलं.

मी तिची बाही ओढली. "आत्या, दिसतंय ना गं?"

"दिसतंय." मग अगदी हळू, "आई आहे ही आमची."

आजी महामारीत गेली तेव्हा आत्या माझ्याएवढी होती.

चित्रातल्या बाईच्या कपाळावर केसांची एक बट आली होती. ती सारखी करायला आत्याने हात पुढे केला, रंग पुसला जाईल म्हणून मागे घेतला, आणि स्वतःच्याच कपाळावरची बट रुमालात सारली.