बॅप्टिस्टच्या अंगणातलं पाणी

दुपारी पावणेचार वाजता बॅप्टिस्ट आपल्या ओट्यावर छाती धरून खाली बसला. अंगणात कमरेइतकं पाणी होतं. पाऊस तिसऱ्या दिवशीही थांबला नव्हता, राजोडीकडून येणारा रस्ता सकाळीच बुडाला होता, आणि बॅप्टिस्टच्या घराला दुसरी वाट नव्हती. एके काळी होती. आता तिच्यावर क्लेमेंटची भिंत होती.

क्लेमेंट त्याचा थोरला भाऊ. वय अडुसष्ट, सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त, डाव्या मांडीत श्रीलंकेतल्या सुरुंगाचे तुकडे अजून तसेच. भिंतीच्या अलीकडे त्याचं घर, केळीची वाडी आणि वाडीच्या कडेने डांबरी रस्त्याला मिळणारी उंच गाडीवाट. बॅप्टिस्टच्या मुलीची, नताशाची, पहिली हाक आली तेव्हा तो खिडकीशी बसला होता.

"मोठे पप्पा!"

ही हाक त्याने नताशा लहान असताना शेवटची ऐकली होती. त्याला वाटलं, पुन्हा पाण्याचं गाऱ्हाणं. दर पावसाळ्यात त्या अंगणात पाणी तुंबायचं आणि कुणीतरी रदबदलीला यायचं. एकदा फादरही येऊन गेले होते. क्लेमेंट सगळ्यांना एकच सांगायचा, ज्याने बावखल बुजवलं त्याला विचारा.

बावखल म्हणजे घरामागचं गोड्या पाण्याचं तळं. दोघांच्या वाड्या त्यावर पिकायच्या आणि पावसाचं पाणीही तेच पोटात घ्यायचं. क्लेमेंट मद्रासच्या लष्करी इस्पितळात पाय राहतो की जातो याची वाट बघत पडला होता, तेव्हा बॅप्टिस्टने ते मातीने भरलं आणि वर घर बांधलं. विचारलं नाही, कळवलंही नाही. क्लेमेंट काठी टेकत गावात आला तर लोक विचारायचे, श्रीलंकेत लढाई झाली कधी? भाऊ शेजारी उभा राहून हसायचा. मग क्लेमेंटने भिंत घातली, वर बाटल्यांच्या काचा रोवल्या. ज्या ओहोळातून भावाच्या बाजूचं पाणी वाडीत उतरून खाडीला जायचं, त्याचंही तोंड लिंपून टाकलं. बायको वारली तेव्हा मातीला आलेल्या बॅप्टिस्टला त्याने फाटकातूनच परत धाडलं होतं.

दुसऱ्या हाकेलाही तो उठला नाही. तिसरी हाक आली नाही. तिच्या जागी बॅप्टिस्टच्या बायकोचा, लिडियाचा, हंबरडा आला आणि क्लेमेंट खुर्ची पाडत उठला.

भिंतीला शिडी लावून त्याने पलीकडे पाहिलं. नताशा पाण्यात उभी होती, फोन धरलेला हात डोक्यावर. तिने भराभरा सांगितलं. पप्पांना अटॅक आलाय असं फोनवरचे डॉक्टर म्हणतात, एक पाऊलही चालू द्यायचं नाही. ॲम्ब्युलन्स पुलापलीकडे अडकली आहे. गावातला जॅक्सन ट्रॅक्टर घेऊन निघालाय, पण तो येणार तो तुमच्या गाडीवाटेने. एवढा जड माणूस काचांवरून कसा न्यायचा?

"भिंत," ती म्हणाली.

त्या भिंतीच्या भक्कमपणाची गावात टिंगल व्हायची. हवालदाराने सरहद्द बांधलीय म्हणायचे. पण बांधताना शेवटी सिमेंट संपलं होतं. ओहोळाच्या तोंडावरचे दगड क्लेमेंटने चिखलात बसवले आणि वरून गिलावा फिरवला. ते कुणालाच ठाऊक नव्हतं. दर उन्हाळ्यात तो तिथली चीर गुपचूप बुजवायचा.

त्याने पहार आणली. सगळ्यांना लांब व्हायला सांगून गिलाव्यावर घाव घातला. दोन दगड सुटले, बोटभर धार आली. आणखी एक दगड सुटला, आणि मग पाण्यानेच बाकीचं काम हातात घेतलं. भिंतीचा बैलगाडी जाईल एवढा तुकडा वाडीत कोसळला. क्लेमेंट पाठीवर आपटला, पहार वाहून गेली. उठून पाहतो तर घडांनी लदलेल्या केळी ओळीने आडव्या झाल्या होत्या आणि पलीकडचं पाणी गुडघ्यावर उतरलं होतं.

तोवर ट्रॅक्टर आला. बॅप्टिस्टला खाटेवर निजवून खाटेसकट उचललं. पुढे क्लेमेंट आणि जॅक्सन, मागे मायलेकी. क्लेमेंटचा डावा पाय प्रत्येक पावलाला लटपटत होता. बॅप्टिस्टचा चेहरा राखेसारखा झाला होता, कपाळावर गार घाम. हा रंग क्लेमेंटने लष्करी इस्पितळाच्या तंबूतल्या खाटांवर पाहिला होता. त्यातले काही वाचले होते.

खिंडारातून जाताना बॅप्टिस्टने डोळे उघडले.

"दादा, केळी गेली तुझी."

"गप्प पड. बोलायचं नाही."

"इतकी वर्षं गप्पच होतो की."

लिडिया मागून करवादली, "आता तरी भांडू नका रे दोघं."

खाट ट्रॉलीत चढली. लिडिया नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. क्लेमेंटनेही पाय टाकून पाहिला. तो वर उचलेना आणि हात द्यायला कुणाला सवड नव्हती. नताशा चढत होती, तिची बाही त्याने धरली.

"तुझी पहिली हाक ऐकली होती मी."

"माहितीये," ती म्हणाली. "खिडकीत दिसत होतात."

ट्रॅक्टर निघाला. क्लेमेंट ओल्या कपड्यांनी पायरीवर फोन घेऊन बसला. पाणी आता त्याच्याही उंबऱ्याला लागलं होतं. त्याने मनाशी पुन्हा पुन्हा जुळवून पाहिलं, पहिल्या हाकेपासून हंबरड्यापर्यंत किती वेळ गेला असेल. दर वेळी उत्तर वेगळं येत होतं.

अंधार पडता पडता जॅक्सनचा फोन आला. पुलापाशी ॲम्ब्युलन्समध्ये चढवलं, शुद्ध होती. आतली डॉक्टर विचारत होती, दुखायला लागून किती वेळ झाला, आणायला एवढा उशीर का केला. नताशाने काय सांगितलं ते क्लेमेंटने विचारलं. जॅक्सन म्हणाला, ते ऐकू आलं नाही, दार लावून घेतलं.

बॅप्टिस्टला नेत होते त्या वसईच्या इस्पितळाजवळच्या चौकातही पाणी चढल्याचं त्यानंतर कळलं. नताशाचा फोन लागत नव्हता.