मोकळ्या यंत्राचा वेग

पुराचा अंदाज सांगणाऱ्या कचेरीत नवा महासंगणक आला. विकणाऱ्यांनी त्याच्यावरची सगळी कामं उतरवली आणि एकटी चाचणी पळवली. आकडा असा आला की मोठे साहेब खुर्चीतून उठलेच.

यंत्रांचा वेग मोजणं हे जिचं काम, ती ताई मात्र मागेच उभी होती.

"साहेब, एकदा भरल्या यंत्रावर मोजू द्या," ती हळूच म्हणाली. "पूर आला की पाऊस, धरण, नदी, सगळी गणितं एकदम अंगावर येतात. बैल जुंपून बघावा, मोकळा सोडून नाही."

"शुभ बोल नाऱ्या, तसं झालं तुमचं!" साहेब हसले.

एका सुटीच्या दिवशी, देवाचं नाव घेत, तिनं मोजलंच. सगळी कामं लादल्यावर ती एकमेकांची वाट अडवू लागली. नदीचं उत्तर यायला नऊ तास लागले. धरणातून सुटलेलं पाणी खालच्या काठाला सहा तासांत पोचतं. तिनं सांगितलं. साहेब "बघू" म्हणाले, आणि विषय तिथंच राहिला.

खालच्या काठाला तिचा धाकटा भाऊ राहायचा, अंथरुणाला खिळलेल्या आईला घेऊन.

धरणाची दारं उघडली तशी तिनं फोन लावला. "आत्ताच निघ रे."

"तायडे, मागच्या खेपेला आईला उगाच हलवलं, किती हाल झाले तिचे! तुझं यंत्र सांगू दे ना. जगात नाव आहे म्हणे त्याचं."

"ते मोकळं असताना रे!"

"स्वतःच्याच लेकराला नावं ठेवतेस? अंदाज आला की त्याच पावली निघतो, तुझी शपथ."

ती साहेबांकडे धावली. "बाकीची कामं थांबवा, नुसती नदी चालू द्या."

"प्रत्येक खात्याला आपलंच आधी हवंय, ताई. कुणाचं थांबवू?"

यंत्र सगळ्यांचं ओझं घेऊन कण्हत राहिलं. ताई भावाला पुन्हा पुन्हा फोन लावत राहिली. आधी तो "हो गं, हो" म्हणायचा. मग फोन लागेनासा झाला.

उत्तर उमटलं तेव्हा साहेब पडद्याशी वाकले. "बघा, वीतभर चूक नाही!"

खालच्या काठाला छपरावर दोन हात पाणी, असं पडद्यावर होतं. खरंच तेवढं होतं, कधीचंच.

ताईनं बंद फोन कानाला लावला.

"अंदाज आला रे," ती म्हणाली. "निघ आता."