धावदोऱ्याची निळी पताका

मित्रांनो, मला जुनी म्हणा, विटकी म्हणा, कुबट वास मारते म्हणा, मी ऐकून घेईन. पण दोरी म्हणू नका. दोरीवर कपडे वाळत घालतात. मी पताकांची माळ आहे, आणि एके काळी या नदीकाठच्या शहराचा सगळा उत्सव माझ्या अंगाखाली भरायचा. आता प्लॅस्टिकच्या पताका आल्या आहेत. त्यांना विचारून बघा, तुमची आई कोण? सांगता यायचं नाही. मला येतं. मला एक नाही, गल्लीभर आया आहेत.

आमचं शहर लहान. एक कॅथेड्रल आहे म्हणून त्याला शहर म्हणायचं, नाहीतर आयर्लंडातली कितीतरी गावं आमच्याहून मोठी निघतील. कॅथेड्रलच्या मागून नदीच्या धक्क्याकडे उतरते ती मीठगल्ली. पूर्वी तिथे मिठाच्या होड्या लागत. पुढे शर्टांचा कारखाना आला आणि गल्लीतली प्रत्येक बाई त्यात शिवायला जाऊ लागली. मग एका शुक्रवारी कारखाना बंद झाला. शेवटच्या पगाराबरोबर बायकांच्या हातात उरलेल्या कापडाचे गठ्ठे दिले आणि त्याला भेट म्हटलं. खरं तर ते फेकून द्यायला मालकाला गाडी करावी लागली असती.

त्या वर्षी पुरुष धक्क्यावर खिशात हात घालून उभे असत. दुकानांच्या काचांवर फळ्या ठोकलेल्या. बायका दारात बसून त्या गठ्ठ्यांकडे बघत. कॉलर बसवण्यात जिचा हात सगळ्यांत बारीक, ती फिलोमिना एक दिवस उठली.

"रडून झालं असेल तर टेबलं बाहेर काढा," ती म्हणाली.

"टेबलं कशाला? मयत झालंय का कुणाचं?" समोरच्या दारातून टेसी ओरडली. टेसी कारखान्यात शिलाई मशीनवरची. तिचा पाय मशीनच्या पायपट्टीवरून उठायचा नाही आणि जीभ टाळ्याला लागायची नाही.

"झालंय ना. अख्ख्या शहराचं. आणि मयत झालं की आपल्याकडे चहा, मनुकांचा पाव आणि फिडलवरची गाणी लागतातच. तर मग काढ टेबल, आणि तोंड आत ठेव."

अशी मी जन्माला आले. कॉलरच्या आत घालायची जाड पट्टी माझा कणा झाली. पांढऱ्या, फिकट निळ्या, साहेबी करड्या कापडाचे तिकोने कापून टेसीने ते मशीनवर भराभर पट्टीला जोडले. ऑगस्टमध्ये मला एका खिडकीतून समोरच्या खिडकीत, तिथून पुढच्या खिडकीत असं करत धक्क्यापर्यंत नेलं. खाली टेबलं लागली. पुरुषांनी कपडे धुवायच्या लाकडी टबांत बसून नदीत शर्यत लावली आणि सगळेच्या सगळे बुडाले. मी वरून पाहत होते. कारखाना बंद झाल्यापासून ते शहर पहिल्यांदा पोट धरून हसलं.

पुढच्या वर्षी शेजारच्या गावचे लोक आले. मग लांबून बसगाड्या येऊ लागल्या. फळ्या ठोकलेली दुकानं उत्सवापुरती उघडली, त्यातली काही उघडीच राहिली. पडक्या हॉटेलला रंग लागला. सरकारने काही केलं नव्हतं, कुणा श्रीमंताने काही दिलं नव्हतं. मीठगल्लीच्या बायकांनी केलं. हे मी ताठ मानेने सांगते. पण खोटं सांगायचं नाही, म्हणून हेही सांगते: उत्सवाने शहर उठून बसलं, चालायला मात्र लागलं नाही. पोरं मोठी होत आणि जहाजाने, विमानाने निघून जात.

पहिला गेला टेसीचा थोरला, डेक्लन. त्या ऑगस्टला टेसीने त्याचा पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट कापला, तिकोना केला आणि दुहेरी शिवणीने माझ्या टोकाला जोडला.

"तो नाही तर त्याचा शर्ट तरी नाचू दे," ती म्हणाली आणि नाक ओढलं.

तिथून ती रीतच पडली. ज्या घरचं पोर परदेशी जाई, त्या घरची पताका मला लागे. शाळेचा स्वेटर, उशीचा अभ्रा, बापाचा रुमाल, जे मागे राहिलं असेल ते. पोर कायमचं परत आलं तर गल्ली जमायची, टेसी कात्रीने पताका उसवायची आणि त्याच्या खिशात कोंबायची. सुट्टीला आलेल्याची काढत नसत. घर करायला आला तरच. अशा थोड्या निघाल्या, लागल्या पुष्कळ. मी गल्ली ओलांडून धक्क्यावर गेले, धक्क्यावरून पुलावर गेले. एका वर्षी महापौर आले. गळ्यातली साखळी सावरत म्हणाले, "ही माळ दरवर्षी वाढतेच आहे. हीच आपल्या प्रगतीची खूण!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीठगल्लीच्या बायकांनी नाही वाजवल्या.

फिलोमिनाची एकच मुलगी, ऑर्ला. तीही गेली, टोरांटोला. फिलोमिनाने तिच्या निळ्या चौकड्यांच्या उन्हाळी फ्रॉकची पताका केली. पण ती शिवली नाही. कच्च्या धाग्याने, मोठ्या मोठ्या टाक्यांनी नुसती टाचली. धावदोरा घालतात ना, तसा.

गल्ली हसली. "काय गं फिलोमिना," टेसी म्हणाली, "कारखान्यात तुझ्या कॉलरी बघायला साहेब यायचा. आणि पोरीच्या पताकेला असले टाके? वाऱ्याने गेली म्हणजे?"

"माझी पताका आहे. तुझ्या नाकावर येऊन पडली तर आणून दे."

दरवर्षी उत्सवाआधी ती मला मांडीवर घ्यायची, जुना धागा काढायची आणि नवा धावदोरा घालायची. शेजारणी तिला आळशी म्हणाल्या, हट्टी म्हणाल्या. तिने कुणाला कारण दिलं नाही. फक्त एकदा, ऑर्ला सुट्टीला आली होती तेव्हा, मला खिडकीत बांधता बांधता ती तिला म्हणाली, "इतरांच्या शिवल्यात. तुझी नुसती टाचलीय. ज्या दिवशी राहायला येशील त्या दिवशी कात्री शोधत बसू नकोस. धागा ओढ, निघेल."

"आई, मी इतक्यात येणार नाहीये."

"कधी येतेस ते विचारलं का मी? धागा ओढ म्हटलं."

ऑर्ला गेली. तिथे तिचं लग्न झालं, मुलं झाली, रविवारचे फोन आखूड होत गेले. फिलोमिनाचा धावदोरा मात्र चुकला नाही. सुई त्याच काठातून पुन्हा पुन्हा जायची. मला टोचायचं, पण मी कधी कुरकुर केली नाही. ज्याची वाट पाहतात त्याच्यासाठी एवढं सोसतात.

मग तिचे डोळे गेले. आधी सुईचं नेढं दिसेना, मग सुई दिसेना. एका वर्षी ती मला घेऊन दारात बसली आणि नुसतीच बसून राहिली. टेसीने समोरून पाहिलं. जन्मभर जिला टोमणे मारले तिच्या मांडीवरून टेसीने मला अलगद उचललं. "बस तू. मी करते," म्हणाली. आणि घरी नेऊन त्या निळ्या पताकेवर मशीन घातली. एकदा नाही, दोनदा. कडेला गाठ मारून. तिच्या मनात पाप नव्हतं. तिला वाटलं, म्हातारीला आता दरवर्षी त्रास नको.

"आता वादळ आलं तरी हलायची नाही," ती मोठ्या अभिमानाने म्हणाली.

फिलोमिनाने बोटाने काठ चाचपला. बोट शिवणीवर थांबलं. मग नख घालून तिने तो टाका उचलायचा प्रयत्न केला. टेसी तेव्हा चहा ओतत होती, तिला दिसलं नाही. टाका उचलला गेला नाही.

"छान झालीय," फिलोमिना म्हणाली.

त्याच वर्षी उत्सव हुशार माणसांच्या समितीकडे गेला. त्यांचा प्रमुख फर्गल. या फर्गलने लहानपणी माझ्या टोकाला नाक पुसलेलं मला चांगलं आठवतं. तो म्हणाला, "ही माळ फार जड झालीय. कुणाच्या डोक्यावर पडली तर विमा कोण भरून देणार?"

"कापडाची आहे ती मेल्या," टेसी म्हणाली, "कारखान्याची चिमणी नव्हे."

पण उत्सव संपताच समितीच्या माणसांनी मला भर पावसात ओढून काढलं, ओलंच गुंडाळलं आणि काळ्या पिशवीत घालून सभागृहाच्या रंगमंचाखाली ढकललं. तिथे मला बुरशी लागली. उंदरांनी शाळेचे स्वेटर कुरतडले. वर कोणीतरी नाचायचं, भाषण करायचं, टाळ्या पडायच्या. मी अंधारात स्वतःचा कुबट वास घेत पडून होते. फिलोमिना हिवाळ्यात गेली, हे मला तिथेच, वरून चाललेल्या बोलण्यातून कळलं.

ऑर्ला दफनाला आली आणि लगेच परतली. उन्हाळ्यात पुन्हा आली ती घर विकायला. पण आल्या आल्या तिने टेसीला विचारलं, "माळ कुठे आहे?"

टेसीने फर्गलच्या घरी जाऊन त्याचा असा उद्धार केला की तो स्वतः रंगमंचाखाली रांगत शिरला. मला बाहेर काढलं, धुतलं आणि टेसीच्या परसात कपडे वाळत घालायच्या दोरीवर पसरलं. हो, त्याच दोरीवर. हसा.

ऑर्ला माझ्या कडेकडेने चालत आली. निळ्या चौकड्या दिसल्या तशी थांबली. काठ धरला, धागा शोधला, ओढला. काही झालं नाही. पुन्हा ओढला. मग पताका उलटी करून पाहिली आणि तिचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, माझा कणा तुटावा आणि ही पताका आपोआप खाली पडावी.

"शिवून टाकली," ती म्हणाली. "शेवटी तिने शिवून टाकली. मी येणार नाही हे तिने धरलंच."

"काय म्हणतेस तू?" टेसीने विचारलं. ऑर्लाने धाग्याची गोष्ट सांगितली. टेसी एप्रनमध्ये हात घट्ट गुंडाळून उभी राहिली.

"पोरी, ती शिवण माझी आहे," ती शेवटी म्हणाली. "मी घातली. मला कुठे काय माहीत होतं?"

"राहू दे, टेसी. माझं मन राखायला बोलू नकोस."

"मन राखायला? मी? आजवर कुणाचं राखलंय?"

तरी ऑर्लाचा विश्वास बसेना. मित्रांनो, मला बोलता आलं असतं तर मी त्याच क्षणी ओरडले असते. पण टेसीची जीभ जिथे थकली तिथे तिची कारखान्यातली नजर कामाला आली. तिने पताका ओढून आभाळाकडे धरली. ऊन नव्हतंच, आमच्याकडे असतं कधी? पण ढगांतून जेवढा उजेड आला तेवढा पुरला. मशीनच्या शिवणीच्या वर, काठभर, सुईची बारीक भोकं होती. एकावर एक, शेजारी शेजारी, चाळणीसारखी. काही भोकांत अजून पांढऱ्या धाग्याचे कण अडकलेले.

"हे बघ," टेसी म्हणाली. "मशीन अशी भोकं पाडत नाही. हा हात तुझ्या आईचा आहे. डोळे असेपर्यंत ती थांबली नाही."

ऑर्ला त्या भोकांवरून बोट फिरवत राहिली. मग दोरीखालच्या ओल्या गवतात बसली आणि रडली. तिच्या आईचं बोट त्या शिवणीवर कसं थांबलं होतं, ते मला माहीत आहे. मी ते तुम्हाला सांगितलं. त्या दोघींना कधी कळणार नाही, आणि नाही कळलं तेच बरं.

टेसीने कात्री आणली. ऑर्लाने मशीनची शिवण उसवली, दोन्ही ओळी. पताका सुटून तिच्या मांडीत आली.

"घे," टेसी म्हणाली. "राहणार असशील तर खिशात घाल."

ऑर्लाने पताका गुडघ्यावर सरळ केली. मग तिने सुई मागितली. आणि त्याच जुन्या भोकांतून, वेड्यावाकड्या मोठ्या टाक्यांनी, पताका पुन्हा मला टाचली. तिच्या आईने पाहिलं असतं तर असल्या टाक्यांवरून तिला फटकारलं असतं. त्या आठवड्याअखेर ती टोरांटोला गेली. विकलेल्या घराला आता करडा दरवाजा लागला आहे, तिथे भाड्याने पाहुणे येऊन-जाऊन राहतात. किल्ली भिंतीवरच्या डबीत असते.

मी टेसीच्या कपाटात असते. ऑगस्टमध्ये ती मला बाहेर काढते, फक्त मीठगल्लीपुरती बांधते. पुलावर प्लॅस्टिक फडफडतं. तिचेही हात थरथरू लागले आहेत, पण निळ्या पताकेला दरवर्षी नवा धावदोरा पडतो. टेसीनंतर कोण घालील, मला ठाऊक नाही. विचारावं असं कुणी दिसत नाही.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. उत्सव कुठलाही असो, संपला की त्याच्या माळा पावसात ओढू नका. ओल्या गुंडाळू नका. वाळवा, घडी घाला, त्यातला प्रत्येक तुकडा कुणाच्या अंगावरचा आहे ते जुन्या माणसांना विचारून ठेवा. आणि कधी एखादी पताका अशी कच्च्या धाग्याने टाचलेली दिसली, तर चांगुलपणाने तिच्यावर मशीन घालू नका. आधी विचारा. ती तशीच लोंबत राहायला हवी असते.