ओलीचे गुण

...ओल मोजायच्या यंत्राच्या दोन सुया, दाभणाच्या टोकाइतक्या जाड, आणि त्यांच्या मुळाशी अडकलेला ओल्या चुन्याचा एक कण. काही केल्या निघेना. तिने स्पिरिटचा बोळा पुन्हा फिरवला, मग नखाने टोकरलं – एका नमुन्याचा अंश दुसऱ्यात जाऊ द्यायचा नाही, ही प्रयोगशाळेतली सवय प्रयोगशाळा सुटून अठरा वर्षं झाली तरी सुटली नव्हती, आणि सुटावी असं तिला वाटतही नव्हतं. ज्या खोलीतून ती आत्ता जिन्यात आली होती तिथला गॅरेजवाला दाराआडून अजून बघत होता. बघू दे. बादलीभर पाणी मारलं होतं गृहस्थाने भिंतीवर. पहाटेच मारलं असणार, कारण वरवर अडतीस टक्के आणि लांब सुया आत घातल्या की जेमतेम नऊ. भिंत आतून ओली होत येते, बाहेरून नव्हे. एवढंही ज्याला ठाऊक नाही त्याने लबाडी करायला तरी का निघावं? लबाडीचा तिला राग येत नसे. ढिसाळ लबाडीचा येई.

तिने गॅरेजवाल्याच्या अर्जावर ओलीच्या रकान्यात शून्य लिहिलं आणि पुढचा अर्ज वर घेतला.

सरकारी घरांच्या यादीत नाव लागायला शंभरपैकी साठ गुण लागत. माणसं किती, खोली केवढी, उजेड, संडास, आजारपण – आणि भिंतीतल्या ओलीला दहा. ते दहा तिच्या हातात होते. हातात म्हणजे सुयांत. मधे ती स्वतः कुठे येत नाही, असं ती कार्यालयात नेहमी सांगे, आणि साहेब म्हणत, बाई, तुम्ही देवापेक्षा कडक आहात. वस्तीत तिला सुईवाली म्हणत. सुईवाली येणार म्हटलं की फ्रिज शेजारच्या घरात जाई आणि फरशीवर त्याचा स्वच्छ चौकोन तेवढा मागे राही. एकच दमेकरी म्हातारा तिला एका महिन्यात तीन घरांत आजोबा म्हणून भेटला होता; तिसऱ्या वेळी तर तोच ओळखीचं हसला. या माणसांना घर हवं होतं, पण घराची गरज नीट मांडण्याइतकी अक्कलही त्यांच्याकडे नव्हती, आणि ज्यांच्याकडे ती होती त्यांना बहुधा घराची गरज नव्हती... एवढं निरीक्षण अठरा वर्षांत पक्कं झालं होतं.

वरच्या मजल्यावरच्या खोलीचं दार उघडताच रंगाचा वास आला.

तिला तिथेच कळलं. तरी ती आत गेली. शर्टांना काजंबटणं करून देणारी बाई – अर्ज तिचाच – पदराला हात पुसत पुढे आली. पलंगावर तिची सासू उशांना टेकून बसली होती, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. तिला कोरड्या घरात हलवा, असं डॉक्टरांनी लिहून दिलेलं पत्र अर्जाला जोडलं होतं. पुढची थंडी या खोलीत निघायची नाही, असंही त्यात होतं, सभ्य भाषेत. आणि चारी भिंती फिकट निळ्या, ओल्या, लखलखीत.

“कधी दिला रंग?”

“परवा.” बाई थोडी हसली. “तुम्ही येणार म्हणून.”

म्हणजे हीसुद्धा. नियम असा होता की रंग देऊन पंधरा दिवस झाल्याशिवाय भिंतीचं माप धरायचं नाही. ओला रंग स्वतःच इतकी ओल दाखवतो की खालच्या भिंतीचं काही कळत नाही. आणि यादी आज संध्याकाळी बंद होणार होती. पुढची कधी उघडेल हे साहेबांनाही सांगता आलं नसतं. हे सगळं तिने जितक्या कोरडेपणाने सांगता येईल तितक्या कोरडेपणाने सांगितलं. बाकीच्या रकान्यांचे बावन्न होत होते.

“घरी कुणी यायचं म्हटल्यावर भिंती तशाच ठेवायच्या का?” बाईने विचारलं. तिला खरंच कळत नव्हतं.

“मी म्हटलं हिला, राहू दे,” सासू म्हणाली. “माझ्या लग्नात मी नटले नव्हते एवढी ही भिंत नटलीय.” आणि त्या विनोदाची किंमत म्हणून तिला बराच वेळ श्वास शोधावा लागला.

...भिंती तशाच ठेवायच्या का. अगदी हाच सूर. आईसुद्धा अशीच – तपासणीवाला येणार म्हणून तिने पडदा धुऊन इस्त्री केला होता, मला नवा फ्रॉक घातला होता, आणि तो खुर्चीच्या कडेवर बसून विचारत होता की अडचण काय आहे, तर ही उभ्या उभ्या म्हणाली, तसं काही अडत नाही आमचं. काही अडत नाही! मग पुढची अकरा वर्षं त्या खोलीत, सामायिक बोळाच्या पायरीवर बसून, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांतून पुस्तक वाचवत मी अभ्यास केला, त्याला काय म्हणायचं होतं? लबाडांचं एक बरं असतं, त्यांचं गणित निदान मांडता येतं. या ताठ मानेच्या बायकांचं येत नाही. गरज असून ती धुऊन, इस्त्री करून ठेवणाऱ्या बायका... त्यांच्याइतका मूर्खपणा तिने कुठे पाहिला नव्हता, आणि त्यांच्याविषयी वाटतो तितका तिटकारा तिला त्या तीन घरांच्या आजोबांविषयीही वाटला नव्हता.

पलंगाच्या उशाला एक लोखंडी कपाट होतं. निळा रंग कपाटाच्या कडेपर्यंत येऊन थांबला होता. म्हणजे मागे जुनी भिंत होती.

“कपाट सरकवा. मागचं माप धरता येईल.”

“नको.”

“बावन्नवर घर मिळत नाही. मागे ओल निघाली तर बासष्ट होतात.”

बाईने सासूकडे पाहिलं, मग सुईवालीला खिडकीशी नेलं. आवाज खाली आला. मागे भिंत काळी पडली होती, म्हणाली. कपाट मुद्दाम तिथे ओढलं होतं, आणि ते सगळं खरवडून साफ केलं असं सासूला सांगितलं होतं. “बासष्ट झाले तरी घर नक्की मिळेल का?”

नक्की कुणालाच मिळत नसे. साठांच्या वरही रांग होती. ती खोटं बोलली नाही.

“मग कशाला? घर नाही मिळालं तर त्या दिवसभर तिकडेच बघत बसतील. आपण काय ओढतोय छातीत ते.” थोडं थांबून ती म्हणाली, “आता निदान निळं तरी दिसतं.”

तिने सुया पेटीत बंद केल्या. पलंगावरून सासूने विचारलं, “तुम्ही कुठे राहता हो?”

“क्वार्टरमध्ये.”

“म्हणजे सरकारीच की.” म्हातारीच्या आवाजात टोमणा नव्हता, नुसतं कुतूहल होतं. “तुम्हाला किती पडले होते?”

...दोन खोल्या, गॅलरी, दक्षिणेचा उजेड. राहणारी एक. आतली खोली पावसाळ्यात कपडे वाळत घालण्यापुरती उघडायची. भिंतीला कुणी कधी सुई लावली नव्हती; नेमणुकीच्या पत्राबरोबर किल्ली आली होती आणि तिने सही केली होती. शून्य, असं उत्तर तयार होतं, अचूक होतं. ते तिच्याने देववलं नाही. कामाची घाई आहे, असं काहीतरी पुटपुटत ती दाराबाहेर पडली.

जिन्याच्या वळणावर ती थांबली. ओलीचा रकाना कोरा होता. दहा लिहिले असते तर कुणाला कळलं नसतं. साहेब तिचे आकडे कधी तपासत नसत, तेच तर तिचं नाव होतं. पण सुयांनी दाखवला नाही असा आकडा तिने आजवर कधी लिहिला नव्हता, आणि आता लिहायचा तर कुणीतरी काहीतरी निमित्त द्यायला हवं – काहीही. रंग परवा नाही, महिन्यापूर्वी दिला, असं म्हण. सासूला अंघोळीला नेते, तेवढ्यात बघा, म्हण. रड. पायाशी ये, सगळे येतात. गॅरेजवाल्यासारखं ढिसाळ काहीतरी रच, मी धरीन ते, अक्षर न अक्षर धरीन...

ती दाराकडे बघत राहिली. आतून कात्रीचा आवाज येत होता, एका लयीत, मधे खोकला. दार उघडेना. पेन हातात धरून, मान वर करून ती उभी होती, आणि आपण कशा उभ्या आहोत हे तिला अचानक दिसलं – या जिन्यांवर, दारांपुढे, इतकी वर्षं अर्जदारांच्या ज्या उभं राहण्याची तिला किळस यायची, अगदी तसंच. तरी तिचा पाय तिथून हलेना.