कवळी की बत्तीशी

पित्ताच्या खड्यांच्या ऑपरेशनसाठी उत्तमरावांना आत नेलं आणि माणिकबाई भेंडीची पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसल्या. दर्यापूरहून अमरावतीच्या दवाखान्यात यायचं तर कोणी मळ्यातली भेंडी घेऊन येतं का? पण या माणसाला रिकाम्या हातानं कुठं जाणं म्हणजे कमीपणा वाटायचा. रिकाम्या तोंडानं तर विचारूच नका.

दात बसवले त्या दिवसापासून बायकोनंसुद्धा त्यांना बिनदाताचं पाहिलं नव्हतं. रात्री काढून पाण्यात ठेवा, असं डॉक्टरनं बजावलं होतं. हे गृहस्थ घालूनच झोपायचे आणि धुवायचे ते मोरीचं दार लावून. हिरड्या झिजून दात सैल झाले, बोलताना टकटक वाजू लागले, तरी डॉक्टरकडे जायचं नाव नाही. हट्टीपणात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

आत नेण्याआधी गीतांजली सिस्टर, साताऱ्याकडची पोरगी, घाईघाईत विचारून गेली होती, "आजोबा, कवळी काढली ना?"

"हाव, सकाळीच," पिशवीकडे बघत उत्तमराव म्हणाले होते. कवळी म्हणजे कोवळी भेंडी, तिचंच विचारते आहे असं वाटून माणिकबाईंनीही मान डोलावली होती.

आता सिस्टर परत आली. "आजी, कवळी डबीत नीट ठेवलीत ना?"

"डबीत कायले? पिशवीत हाय." माणिकबाईंनी पिशवी उघडून दाखवली. "पाय ना, कशी कवळी हाय ते."

सिस्टर भेंडीकडे बघतच राहिली. "अहो, दातांची कवळी!"

"दातायले तं आमी बत्तीशी म्हनतो, बाई. ते त्याईच्या तोंडातच हाय!"

"भूल दिल्यावर घशात सरकली तर श्वास कोंडेल!" म्हणत सिस्टर धावली.

पिशवी तिथंच टाकून माणिकबाई मागोमाग धावल्या. सिस्टर आत शिरली, दार मिटलं, तशा त्या दोन्ही हातांनी दार बडवू लागल्या. मान आपणही डोलावली होती. माणूस हातचा गेला तर त्यात आपलाही वाटा, या विचारानं त्या आणखी जोरानं बडवत होत्या.

दार उघडलं. भूल अजून दिलेली नव्हती. उत्तमराव उताणे पडले होते, डोळे उघडे, ओठ घट्ट मिटलेले. सिस्टर हात पुढे करून उभी होती आणि ते ढिम्म हलत नव्हते.

"अवो, तिनं इचारलं तवा समजलं नाई का तुमाले?" माणिकबाई दारातूनच ओरडल्या.

"समजलं होतं मले," ते छताकडे बघत पुटपुटले.

"मंग खोटं कावून बोलले?"

"वापस आलो नाई तं लोकायनं बिनदाताचं तोंड पायाव का माहं?"

माणिकबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे जीव जाईल ही भीती असूनही यांना तोंडाचीच काळजी! एवढ्या लोकांदेखत त्या नवऱ्यावर जन्मात कधी कडाडल्या नव्हत्या.

"लोकायची पडली तुमाले, अन मी? मी काय त्या दातायसंगं संसार केला का? बोळके या, पन वापस या!"

उत्तमरावांनी सावकाश तोंडात बोट घातलं आणि दात सिस्टरच्या हातावर ठेवले. गाल आत गेले, हनुवटी वर आली, एकदम म्हातारे दिसले. मग त्यांनी दाराकडे मान वळवली आणि माणिकबाईंकडे बघून, तोंडापुढे हात आडवा न धरता, हसले.