झाकून ठेवलेली चिठ्ठी

मी एक चिठ्ठी बोलतेय. कागदाची नव्हे, डिंकाची तर नव्हेच. कॉम्प्युटरच्या पडद्यावरची. शिकलेली माणसं मला लेबल म्हणतात, कॅटेगरी म्हणतात. काय म्हणायचं ते म्हणा. पण आधीच सांगून ठेवते, मी चिडलेली आहे. गोडगोड काही माझ्या तोंडून येणार नाही.

कोल्हापूरच्या बाहेर एमआयडीसीत एक फाउंड्री आहे. लोखंड वितळवायचं, वाळूच्या साच्यात ओतायचं, इंजिनाचे भाग करायचे, हे तिथलं काम. पूर्वी एकेका मशीनपाशी एकेक माणूस उभा असायचा. आता वर काचेची खोली आहे, खोलीत मोठा पडदा आहे, आणि पडद्यावरून खालचा सगळा कारखाना चालतो. मोटारी, झडपा, दारांचे स्विच अशी सहाशे चौदा नावं त्या पडद्यामागं बसलेली. एवढ्या गर्दीत पाहिजे ते सापडायचं कसं? स्वयंपाकघरात तिखटाची बरणी वेगळी, मिठाची वेगळी, कुणाचं काय ते वरच्या चिठ्ठीवरून कळतं. तसंच इथं.

या चिठ्ठ्या लावल्या पडद्यामागचा प्रोग्राम लिहिणाऱ्या मुनव्वरनं. मंगळवार पेठेतला माणूस, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोलणं मोजकं. ‘भट्टी’, ‘वाळू’, ‘पाणी’, ‘हवा’ या माझ्या थोरल्या बहिणी. सगळ्यांत शेवटी मी. माझं नाव ‘तात्पुरतं’.

मी जन्मले तेव्हा बाळासो शेजारी बसला होता. बाळासो म्हणजे पडदा सांभाळणारा ऑपरेटर.

“ह्ये आनी कशाला?” त्यानं विचारलं.

मुनव्वर म्हणाला, “एखादा स्विच बिघडला की तुम्ही कॉम्प्युटरला खोटं सांगणार, स्विच बरा हाय, तू काम चालव. सांगा. अडचण सगळ्यास्नी असती. पण खोटं सांगितल्यालं ध्यानात ऱ्हायला पायजे का नको? म्हणून त्याला ही चिठ्ठी लावायची. पडद्यावर पिवळा ठिपका दिसंल. स्विच बदलला की चिठ्ठी काढायची.”

“आनी इसरलो तर?”

“ठिपका रोज डोळ्यात खुपल की.”

जाताना दारात थांबून तो म्हणाला, “बाळासो, बाकीच्या चिठ्ठ्या भरल्याल्या चांगल्या. ही रिकामी चांगली. ही रिकामी असंल त्या दिवशी कारखाना धड हाय समजायचं.”

ऐकलंत? रिकामं राहणं हेच माझं सुख. दुसरं मी काही मागितलं नव्हतं.

दोन महिने बरे गेले. एखादं नाव यायचं, चार दिवस राहायचं, स्विच बदलला की निघून जायचं, घरी आलेल्या लेकीसारखं. मग कारखान्याचे मोठे साहेब, विजयसिंह, यांच्या तोंडात एक वाक्य बसलं. “दोन दिवसांपुरतं कर.” झालं! आलेलं नाव परत जाईना. पाच झाली, बारा झाली, वीस झाली. प्रत्येक नावापुढं कारण लिहायला जागा आहे. तिथं काय लिहिलंय ते वाचा. ‘स्विच मागवलाय.’ ‘साहेब बोलले.’ एका ठिकाणी नुसतं टिंब. टिंब हे कारण असतं का हो?

तुम्हा माणसांची खोडच आहे ती. दाराखाली तात्पुरती म्हणून वीट सरकवता, तिची पायरी होते. तुटलेल्या कडीला तात्पुरती म्हणून सुतळी बांधता, ती सुतळी नातवंडं सोडतात. घरात ते खपून जातं. इथं विटेच्या जागी शंभर घोड्यांची मोटार असते.

गेल्या वर्षीच्या जुलैत माझ्याकडं सातवं नाव आलं. वाळूच्या मिक्सरचं दार. मिक्सर म्हणजे केवढा तर माणूस उभा आत मावेल, आणि आत लोखंडी पाती फिरतात. दाराला स्विच असतो. दार उघडं असलं की पाती फिरूच शकत नाहीत, असं ते काम. पण वाळू बसून स्विच अडकायला लागला, मिक्सर मधेच बंद पडायला लागला, आणि माल तर द्यायचा होता. साहेब म्हणाले, “दोन दिवसांपुरतं.” बाळासोनं कॉम्प्युटरला सांगितलं, दार कायम बंद आहे समज. आणि कारणाच्या जागी लिहिलं, ‘उद्या बघू.’

या मार्चमध्ये पावणं यायचं ठरलं. आपला माल घेणाऱ्या कंपनीची माणसं, कारखाना बघायला. आदल्या दिवशी विजयसिंह साहेब काचेच्या खोलीत आले आणि पडद्याकडं बघून थबकले.

“बाळासो, ह्ये काय रं पिवळं पिवळं? मशिनी हळदीला बसवल्यात का काय?”

“तात्पुरतंवाली हायत साहेब. एकतीस.”

“झाक ती. पावणं गेलं की काढू.”

पावणं यायचं म्हटलं की तुम्ही घरात काय करता? पसारा कॉटखाली ढकलता आणि वरची चादर खालपर्यंत ओढता. तेच केलं. प्रत्येक चिठ्ठीपुढं एका डोळ्याचं चित्र असतं. त्यावर टिचकी मारली की डोळा मिटतो आणि त्या चिठ्ठीचं सगळं पडद्यावरून नाहीसं होतं. नाहीसं म्हणजे दिसेनासं. असतं तिथंच.

टिचकी वाजली. एकतीस ठिपके गेले. पडदा जोंधळ्याच्या रानासारखा हिरवागार. पावण्यांनी मान डोलावली, शाल-श्रीफळ घेतलं, फोटो काढले, गेले.

माझा डोळा कुणी उघडला नाही. अहो, कॉटखालचा पसारासुद्धा दुसऱ्या दिवशी केरसुणीला लागून बाहेर येतो! मला आठवण ठेवायला जन्माला घातलं होतं. तुम्ही मला विसरायच्या कामाला जुंपलं.

आता सलिमाचं सांगते. खाली वाळूच्या कामावर असते. मिक्सरच्या आतल्या बाजूला चिकटलेली वाळू खरवडायची, हे तिचं काम. अकरा वर्षं करतेय आणि कंत्राटदाराच्या हजेरीत अजून ‘तात्पुरती’ आहे. सावध बाई. हात घालण्याआधी वर काचेकडं बघून ओरडायचीच.

ऑगस्टमधला मंगळवार. दुपारचे सव्वातीन. मिक्सर थांबला होता.

“बाळासो! दार उघडलंय, हात घालतो बघ!” तिनं हाक दिली. आमच्याकडच्या बाया अशाच बोलतात, ‘घालतो’, ‘जातो’.

बाळासोनं पडद्याकडं बघितलं. सगळं हिरवं. पाच महिने हिरवंच बघत होता तो. “घाल मावशी! दार उघडं असल्यावर त्ये चालूच होत न्हाय.”

मी ओरडत होते. मिटल्या डोळ्यानं ओरडणाऱ्याचं कोण ऐकतं? कॉम्प्युटरच्या लेखी दार बंद होतं. वाळूच्या पुढच्या घाण्याची वेळ झाली आणि त्यानं आपलं काम केलं, पाती फिरवली.

उजव्या हाताची तीन बोटं.

त्यानंतर मी जे ऐकलं त्यानं माझा राग अजून धुमसतोय. “तिचीच चूक. मशीन बंद न करता हात घातला.” असा कागद तयार झाला. खाली तिच्या सहीची जागा. सही येत नाही, म्हणून डाव्या अंगठ्याची.

आज अकराला सरकारी तपासणीचे साहेब यायचे आहेत. त्यांच्यासमोर तिनं तो अंगठा उठवायचा. सकाळीच विजयसिंहांचा बाळासोला फोन आला. “ती चिठ्ठीच पुसून टाक.”

“साहेब, चिठ्ठी पुसली तरी स्विच तसाच ऱ्हातोय की.”

“सांगितलंय तेवढं कर.”

बघा अक्कल! बरणीवरची चिठ्ठी काढली की आतलं तिखट गोड होतं का?

बाळासोनं माऊस हातात धरला आणि दारात सलिमा उभी. हाताला पांढरं फडकं.

“बाळासो, एकच सांग. मी वरडून सांगितलंतं का न्हाय?”

“सांगितलंतं, मावशी.”

“आनी तू घाल म्हनलास?”

“म्हनलो.”

“मग त्ये फिरलं कसं? महिना झाला, मी माझ्याच डोस्क्यात चूक हुडकायलोय. घरातलीबी म्हणत्यात, तुझंच ध्यान न्हवतं. मला बी तसंच वाटाय लागलंय रं.”

बाळासोनं माझ्या डोळ्यावर टिचकी मारली. सहा महिन्यांनी उजेड बघितला मी. एकतीस पिवळे ठिपके पडद्यावर उठले.

“ह्ये सात नंबरचं,” तो म्हणाला. “मिक्सरचं दार. स्विच बायपास. कारण...”

“वाच की.”

“‘उद्या बघू.’”

“कुनी लिवलंय?”

“मी.”

सलिमा रडली नाही, शिवी दिली नाही. म्हणाली, “चौदा म्हैनं झालं म्हनायचं तुज्या उद्याला.” आणि मग, स्वतःशीच, “म्हंजे मी चुकलो न्हवतो.”

खाली गाडीचं दार वाजलं. बाळासोचा हात परत माऊसवर गेला. त्याचं घर आहे, लेकरं आहेत, मला ठाऊक आहे. पुसायला एक टिचकी पुरते.

सलिमानं आपला फडक्यातला हात टेबलावर ठेवला, त्याच्या हाताशेजारी.

“आज न्हाय. आज झाकल्यालं समदं भाईरच असू दे. बघू द्यात पावण्यास्नी.”

बाळासोनं माऊस सोडला आणि दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसला.

मला जगायची हौस नाही. पुसा मला. पण आधी एकतीसच्या एकतीस नावं दुरुस्त करा, एकेक करून काढा. मी रिकामी झाले की आपल्या पायानं जाईन. भरलेली असताना मात्र जाणार नाही.

लोखंडी जिन्यावर बूट वाजतायत. या, पावणं, या. डोळा उघडा आहे. सात नंबरपासून वाचा.