जो काम करील, त्यानेच पुसावं

मित्रांनो, मी एक जुनी दगडी पाटी आहे. लाकडी चौकटीची, एका कोपऱ्याला टवका उडालेली. हल्ली तुम्ही पाट्या वापरत नाही हे मला ठाऊक आहे. रागवत नाही मी. पण माझ्यावर एक ओळ लिहिलेली आहे आणि ती कोणीच पुसत नाही. ती का पुसत नाहीत, एवढं ऐकून घ्या आणि मग खुशाल खेळायला जा.

मी कुठल्या डोंगरातला दगड, ते मला आठवत नाही. कोणी फोडलं, कोणी तासलं, कोणी चौकट ठोकली, काही म्हणजे काही आठवत नाही. पहिली आठवण सारंगखेड्याच्या यात्रेतली. जो तो घोडे बघायला धावत होता, आणि बन्सीलालनाना मात्र पाट्यांच्या दुकानापुढे अर्धा तास उभे. दुकानदार वैतागला. "नाना, पाटी घ्यायची आहे की पोरीसाठी नवरा पाहायचाय?" म्हणाला. नाना हसले आणि मला उचललं.

त्यांच्या लेकीसाठी, रुपासाठी होते मी. रुपा तीन वर्षांची असताना मोठा ताप आला, आणि ताप उतरला तेव्हा तिचे कान गेलेले होते. ऐकूच येईना, तर बोलणार कशी? तापीकाठच्या त्या गावात लोक तिला "मुकी" म्हणायचे, आणि तिची आई धनुबाई पदराआड डोळे पुसायची. नानांनी मात्र रडत बसायचं नाही असं ठरवलं होतं. त्यांनी रुपाला शाळेत बसवलं, घरी रोज तास तास माझ्यावर अक्षरं गिरवून घेतली. पोरगी हुशार निघाली. दोन वर्षांत सरसर लिहायला लागली, आणि समोरच्याचे ओठ पाहून तो काय बोलला तेही ओळखायला लागली.

मग काय, माझा भाव वधारला! गिरणीत जाताना मी तिच्या काखेत. "दळण जाडं." बसमध्ये कंडक्टरपुढे मी. "शहादा, एक." शिंपीणबाईकडे, दवाखान्यात, दुकानात, सगळीकडे मी. तुमच्या घरात आज फोन उचलून जी कामं होतात, ती सगळी रुपा माझ्यावर चार शब्द लिहून करायची. आणि तिला घरून निघता आलं नाही, तर पडवीत खिळ्याला मला अडकवायची. गल्लीतून जाणारा येणारा वाचायचा आणि काम करून टाकायचा. सुरुवातीला लोक कुरकुरले. तेव्हा नाना चावडीवर जाऊन सरळ म्हणाले, "मन्ही पोर बोलत नही, पन लिखी लेस. तुम्हीन वाचा ना मंग!"

एकदा गंमत झाली. म्हैस आजारी पडली म्हणून रुपाने लिहिलं, "म्हशीचा डॉक्टर पाहिजे." ते दोघांनी वाचलं आणि दोघे दोन दिशांना पळाले. दुपारी दारात एका म्हशीला दोन डॉक्टर! गाव महिनाभर हसत होतं. तेव्हा शेजारची शीला, रुपाची जिवाची मैत्रीण, तिने नियम काढला. शीला तेव्हा असेल दहा वर्षांची, पण तोंडाने फटाकडी. म्हणाली, "जो काम करी, तोच पाटी पुसी." म्हणजे जो निरोप घेऊन निघेल, त्याने निघतानाच मला पुसायचं. पाटी कोरी झाली, की रुपाने समजायचं, कोणीतरी निघालं, आता काळजी नाही. नानांना नियम पटला आणि गावालाही पटला. पुढे वीस वर्षं तो कोणी मोडला नाही. आमच्या गावाला कौतुक करायला येत नाही, पण एका पंधरा ऑगस्टला गुरुजींनी भाषणात माझं नाव घेतलं होतं. खरंच घेतलं होतं!

शीला लग्न होऊन सुरतेला गेली. रुपाचं लग्न जमलं नाही. नाना गेले. घरात राहिल्या दोघी, धनुबाई आणि रुपा. म्हातारीचे डोळे अधू आणि लेकीचे कान गेलेले. एकीचं उणं दुसरी भरून काढायची, आणि राहिलेलं मी.

मग फोन आले. मी खोटं बोलणार नाही, रुपाला फोनचा उपयोग झाला. तिच्यासाठी तो बोलायचा नव्हता, लिहायचा होता. गल्लीच्या वळणापलीकडे कुंदन राहतो, त्याची भाड्याची गाडी आहे. त्याला ती निरोप लिहून पाठवायची, तो अंगठा पाठवायचा, गाडी दारात यायची. तिला बरं झालं आणि मला कोठीमागे टाकलं. पाठीवर पिठाची धूळ बसली, जाळी झाली. बसू दे. वाईट एकाच गोष्टीचं वाटलं. गल्लीतल्या लोकांची पडवीकडे बघायची सवय मोडली. पूर्वी माणूस चालता चालता मान वळवून खिळ्याकडे पाहायचा, आता मान खाली. आणि जिकडे तिकडे एकच उत्तर, "कॉल करा." गॅससाठी लिहिलं, तर "कॉल करा." दवाखान्यात नंबर लावायला लिहिलं, तर "कृपया कॉल करा." रुपा ते वाचायची आणि फोन उपडा ठेवायची.

यंदाच्या आखाजीची गोष्ट. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडचा मोठा सण. सासरच्या लेकी मुराळ्यासोबत माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. पुरुषमंडळी पारावर पत्ते कुटतात. शीलाही सुरतेहून आली होती. सणाच्या आदल्या संध्याकाळी वैशाखी वादळ झालं. वीज गेली आणि टॉवरही बंद पडला. गावातले सगळे फोन मुके झाले.

सकाळी धनुबाईच्या छातीत कळ आली. श्वास पुरेना. रुपाने तिला पाठीशी टेकवून बसवलं, एका हाताने फोनवर कुंदनला निरोप लिहिला. तो जाईना. पुन्हा पाठवला. जाईना. आईला निजवून धावत जावं, तर निजवलं की म्हातारीचा श्वासच कोंडायचा, आणि ती लेकीचं मनगट सोडायला तयार नव्हती. तेव्हा रुपाला माझी आठवण झाली. तिने आईला कसंबसं क्षणभर भिंतीला टेकवलं, कोठीमागून मला ओढून काढलं, आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं.

"आई आजारी. गाडी पाहिजे."

पडवीतल्या खिळ्याला मला अडकवून ती आत पळाली. मी तयार होते, मित्रांनो. दोन वर्षांनी कामावर आले होते. पण वादळाचा वारा अजून सरला नव्हता. दोरीला पीळ बसला आणि मी फिरले. गल्लीकडे माझी पाठ झाली, पिठाची, जाळ्याची, आणि ती अक्षरं भिंतीकडे. दोन माणसं समोरून गेली. एकानेही मान वर केली नाही.

मग शीला आली. सडा टाकायची बादली तिच्या हातात होती. मला पाहून उभी राहिली. "माय वं! आजून शे ही पाटी!" म्हणाली. केवढा आनंद झाला तिला! दार लोटलेलं होतं. रुपाला हाक मारून उपयोग नाही हे तिच्याइतकं कोणाला माहीत? घरी मांडे करायचे होते, चूल पेटलेली होती. नंतर निवांत येऊ असं तिने ठरवलं असावं. पण पाटी अशी घाणेरडी? सणाच्या दिवशी? तिने मला काढलं, बादलीत बुडवलं, आणि ताट घासावं तसं दोन्ही बाजूंनी खसाखसा धुतलं. तोंडाने झोक्याचं गाणं चालू होतं, डोळे बादलीकडे. पदराने पुसलं, कपाळाला लावलं, आणि पुन्हा खिळ्याला अडकवून गेली.

खरं सांगू? मला क्षणभर बरं वाटलं. किती दिवसांनी कोणी कपाळाला लावलं होतं. आणि लगेच कळलं, की माझ्यावरची अक्षरं गेली. ओरडायला मला तोंड नाही. ज्या घरी मी नांदले, तिथे ओरडणारं कोणी नव्हतंच.

थोड्या वेळाने रुपा बाहेर आली. तिने मला पाहिलं. मी कोरी, ओली, चकचकीत. आणि मित्रांनो, ती हसली हो! रिकाम्या गल्लीकडे पाहून तिने हात जोडले. कोणीतरी निघालं होतं ना! वीस वर्षांत हा नियम कधी खोटा ठरला नव्हता.

तिने आईला सणासाठी घेतलेलं नवं हिरवं लुगडं नेसवलं. दवाखान्याचे कागद पिशवीत घातले, पाण्याची बाटली भरली. आईच्या चपला उंबऱ्याबाहेर नीट जोडून ठेवल्या. मग तिला उंबऱ्याशी आणून, पाठीला पाठ लावून बसली.

"गाडी उनी का वं?" म्हातारीने विचारलं. पाठीला कंप जाणवला तशी रुपाने मान वळवून ओठ पाहिले, हाताने खूण केली, येतेय.

कुंदनची गाडी वळणापलीकडे शंभर पावलांवर उभी होती. रुपाला वाटलं, तो डिझेल भरायला गेला असेल, वादळाने रस्त्यात झाड पडलं असेल. उठून बघायला जावं असं दोनदा तिच्या मनात आलं, दोनदा तिने माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा बसली. माझ्या भरवशावर बसली. झोक्यांची गाणी रंगात आली होती. ती मला ऐकू येत होती, तिला नाही.

"गाडी उनी का?" म्हातारीने पुन्हा विचारलं. पुन्हा तीच खूण, येतेय, आई, येतेय.

तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही. पाठीवरचा भार वाढला तेव्हा रुपाला कळलं.

दुपारी शीला मांडे आणि आमरसाचं ताट घेऊन आली. उंबऱ्यात थबकली. ताट हातातून सुटलं. रुपा रडत नव्हती. तिने मला खिळ्यावरून काढलं, पेन्सिल घेतली आणि लिहून शीलापुढे धरलं, "गाडी आणायला कोण गेलं?"

शीला वाचत राहिली. मग तिने माझ्याकडे पाहिलं, आपल्या हातांकडे पाहिलं. "मीच पुसी वं माय," ती म्हणाली. "मी गयीच नही. नुसती पुसी." रुपाने ते ओठ वाचले. ओठ वाचायची विद्या तिला आली नसती तर बरं झालं असतं, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

कुंदन पारावरून धावत आला. "गाडी उभीच व्हती. माले कोनी सांगं नही," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

रुपाने शीलाला बोल लावला नाही. तेरा दिवस शीला शेजारी बसून होती, रुपाने तिला उठवलंही नाही, जवळही घेतलं नाही. शीला सुरतेला परत गेली. टॉवर कधीच सुरू झाला होता. रुपाच्या फोनवरचा तो निरोप आईच्या तिसऱ्या दिवशी आपोआप कुंदनकडे पोचला.

चौदाव्या दिवशी रुपाने मला पुढ्यात घेतलं, आणि त्याच मोठ्या अक्षरांत तेच लिहिलं. या वेळी दोन खिळे ठोकले, मी फिरू नये म्हणून.

आता गल्लीतला प्रत्येक माणूस मान वर करून वाचतो. कुंदन रोज सकाळी दारापुढे गाडी थांबवतो, वाचतो आणि निघून जातो. मित्रांनो, तुमच्या गल्लीतही फोनवर बोलू न शकणारं कोणी असेल. त्याने लिहिलेलं पुसण्याआधी वाचा हो. पाटी उलटून वाचा. आणि कोरी दिसली, तर कोण गेलं ते विचारा. मी एवढंच मागते, आणि तेही फार उशिरा मागते आहे.

मला पुसा असं मात्र कोणाला म्हणू शकत नाही. जो काम करील त्यानेच पुसायचं, असा नियम आहे. माझ्यावर लिहिलं आहे, "आई आजारी. गाडी पाहिजे."